सूनबाईची आखूड रायफल

कोचेव्ये, ६ ऑक्टोबर १९९६

ती. बाबांना दारिंकाचा सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा वाकू लागला आणि इस्पितळातल्या परिचारिकांवर तुम्ही ओरडूही लागलात, असं तुमचा लेक गोराझ्द म्हणाला. दोन्ही ऐकून बरं वाटलं.

मी शिकारीची परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही मायेनं स्वतःची रायफल मला दिलीत. शनिवारी ती घेऊन शिकारमंडळातल्या फेर्दोकाकांबरोबर रानात गेले. लांब नळी फांदीफांदीत अडकत होती. अगदी जवळ हरणाची मादी उभी राहिली. मी रायफलीवरच्या, लांबचं बघायच्या दुर्बिणीला डोळा लावला, तर आत नुसता तपकिरी रंग. कातडी की झाडाचं खोड, कळेना. मी गोळी झाडली नाही. फेर्दोकाका सगळ्यांसमोर म्हणाले, उद्या सासऱ्याचे बूटही घालून ये. मी हसले, पण घरी येऊन रडले. मंडळानं यंदा मला एकच मादी मारायची परवानगी दिली आहे. ती हुकली तर पुढे कोण विचारणार?

मी माझी वेगळी, आखूड रायफल घेऊ का?

माया पातळ होऊ देऊ नये.
दारिंका

१२ ऑक्टोबर

चि. सौ. दारिंकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून सूप घशाखाली उतरलं नाही. त्या रायफलीनं मी दरीपलीकडचा नर पाडलाय. आखूड बंदुका शहरी हौशी लोकांसाठी असतात.

गोळी झाडली नाहीस, हे मात्र उत्तम. फेर्दोला तेवढा धीर निघाला नसता.

काय करायचं ते कर. मी परवानगी दिली असं कुणाला सांगू नकोस.

तुझा रागावलेला,
त्सिरिल

२७ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

घेतली. दुकानदारानं डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितली. डोळे उघडले तर नजर थेट दुर्बिणीच्या मधोमध. वजनाला हलकी, आणि दुर्बिणीत आजूबाजूचं रानही दिसतं.

काल फरच्या झाडांतून मादी आली. मागे गोळी अडवायला मातीचा उंच बांध होता, म्हणून निर्धास्त होते. एकाच गोळीत पडली. तुम्ही शिकवलंत तशी तिच्या तोंडात फरची डहाळी ठेवली, शेवटचा घास म्हणून. फेर्दोकाकांनी टोपी काढली.

रक्त पाहून घेरी येणाऱ्या गोराझ्दनं काळीज कांद्यावर परतलं, तोंड फिरवून. तुमचा वाटा राखून ठेवलाय.

राग गेला असेल तर दोन ओळी लिहाव्यात.
दारिंका

२ नोव्हेंबर

चि. सौ. दारिंकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र इथल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. परिचारिकांना दोनदा.

गुरुवारी घरी येतो. डॉक्टर म्हणतात, रानात जा, पण जड काही उचलायचं नाही. मी त्यांच्याशी तासभर भांडलो. ते ऐकेनात.

तेव्हा त्या दुकानात तशीच आणखी एक रायफल आहे का, एवढं विचारून ठेव. फेर्दोला यातलं अक्षरही कळता कामा नये.

म्हाताऱ्याला सांभाळून घ्यावं.
त्सिरिल