दाजींची शेजारची खाट

निलंगा,
दि. १२ जून २०२१

चि. आनंदराज यास, ताईचा जयभीम व अ. आ.

दवाखान्यातून तू नांदेडच्या घरी पोचलास, हे तुझ्या दिपालीनं कळवलं. जीव थंड झाला. बोलायला गेलास की तुला अजून धाप लागते म्हणून फोन करत न्हाई. इथं खाट मिळाली न्हाई म्हणून ह्यांना नांदेडला हलवलं, आणि तू आणि हे एकाच कोरोना वॉर्डात होता. आम्हाला कोणी आत सोडलं न्हाई. हे गेल्यावर दुरूनच दाखवलं. ह्यांचे शेवटचे दिवस तू पाह्यलेस. जमेल तसं लिही, लपवू नको.

तुझी चांगुणाताई


नांदेड,
दि. २० जून २०२१

ती. ताईस, सविनय जयभीम, वि. वि.

थोडं लिहून थोडं टेकून राहिलो, म्हणून उशीर.

मला आणलं तेव्हा तोंडातून शब्द निघत नव्हता. दिपालीला दारातच थांबवलेलं. डॉक्टर विचारत होते, बीपी आहे का, शुगर आहे का. मी नुसता बघत होतो. शेजारच्या खाटेवर दाजी. त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून सांगितलं, की हा माझा मेव्हणा, ह्याला बीपी आहे, शुगर आहे, आणि ह्याचा बाप पन्नाशीत हार्टनं गेला. नर्स रागावली, तरी माझ्या गोळीचं नाव सांगूनच त्यांनी मास्क लावला. लगेच माझा ईसीजी काढला, रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू केलं. पुढं डॉक्टर म्हणाले, हा आजार फुफ्फुसात शिरतो, पण बीपी-शुगरवाल्यांच्या हृदयालाही गाठतो; वेळेवर कळलं म्हणून बरं झालं.

दाजींच्या हृदयात तर आधीच स्टेंट. तरी थट्टा चालूच. अळणी डाळ आली की म्हणायचे, तुझ्या ताईनं ही चाखली तर स्वयंपाक्याला निलंग्याला शिकायला नेईल. ऑक्सिजनही सुधारत होता. त्या सकाळी चहा घेतला आणि मला म्हणाले, चांगुणाचं बीपी तपासून घे, ती आपणहून जायची न्हाई. मग छातीवर हात ठेवला. डॉक्टर धावले, लई झटले. माझा हात त्यांच्या हातापर्यंत पोचत होता. तो मी धरला आणि नर्सनं सोडवला न्हाई. ते एकटे नव्हते, ताई.

त्यांच्यामुळं मी उरलो, आणि तेच गेले. तुला तोंड कसं दाखवू, कळत न्हाई. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आनंदराज


निलंगा,
दि. २८ जून २०२१

चि. आनंदराज यास, जयभीम व अ. आ.

पत्र आधी एकटीनं वाचलं, मग लेकीला, बुद्धप्रियाला, मोठ्यानं वाचायला लावलं. डाळीपाशी ती हसली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा. पुढं दोघी रडलो, पण ते रडणं हलकं होतं.

काल तिच्यासंगं सरकारी दवाखान्यात गेले. बीपी लई निघालं. गोळी सुरू केली. त्या नर्सबाईंना माझा जयभीम पोचव. त्यांचे उपकार कुठं फेडू?

आणि तोंड कसं दाखवू, हे पुन्हा लिहायचं न्हाई. ह्यांनी मास्क काढला तो तुझ्या एकट्यासाठी न्हवता. आई-बाप गेले; तूही गेला असतास तर मला माहेर उरलं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जाता जाता त्यांनी माझं माहेर राखलं. धाप कमी झाली की ये, नाहीतर मीच येते.

तुझी ताई