तीन नंबरची जागा

४ जानेवारी, रविवार
सोसायटीची मीटिंग. खाली पार्किंगमध्येच, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, थंडीत. नवा सेक्रेटरी नीलेश, बँकेत आहे. म्हणाला, छताखाली जागा सात, गाड्या अकरा. दरसाल ईश्वरचिठ्ठी काढू. ज्याची निघेल त्याची वर्षभर, बाकीच्यांनी मागे भिंतीकडे लावायची. १ फेब्रु.ला चिठ्ठी.
मी म्हटलं, तीन नंबर माझा आहे. बिल्डरला पैसे मोजलेत. भिंतीवर नाव रंगवलेलं आहे माझं.
"काका, नाव रंगवल्यानं मालकी होते का? तुमाले तर माह्यापेक्षा जास्त समजते."
सगळे हसले. हसू देत. चौतीस वर्षं नोंदणीच्या ऑफिसात दस्त तपासले मी, आणि हा मला मालकी शिकवतो. वर आलो, जेवलो नाही.

६ जाने., मंगळ.
हिला, कुंदाला, दवाखान्यात व्यायामाला नेलं. खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. तीन नंबर लिफ्टला लागून आहे. दार उघडलं की वॉकर, चार पावलं, लिफ्ट. परत आल्यावर मागच्या भिंतीपासून मोजून पाहिलं: माझी साठ पावलं. वाटेतले ठोकळे उचकलेले, शेवटी दोन पायऱ्या. तिची किती होतील देव जाणे. पडली होती ती घरात, न्हाणीत. पण भीती आता सगळ्या फरशांची बसली आहे.
मीटिंगचं तिला सांगितलं नव्हतं. कळलंच.
"मी घरीच राह्यते ना. काय होते त्याले."
हे तिचं नवीन. आधी धाड गावच्या बहिणीकडे जाणं बंद केलं, मग देऊळ. आता व्यायाम राहिलाय. तोही सुटला तर बाई कायमची पलंगाला लागेल. डॉक्टर स्पष्टच बोलले आहेत.

९ जाने., शुक्र.
फ्लॅटचा करारनामा काढला. कपाटात सर्वांत खाली, लग्नपत्रिकांच्या पिशवीत. वाचला. "लिहून घेणार यांस वाहनतळातील एक जागा वापरण्यास देण्यात येईल." बस. नंबर नाही, चतुःसीमा नाही, खरेदी हा शब्दच नाही.
जन्मभर शेतकऱ्यांना दटावलं, बाबा, चतुःसीमा लिहिली का? स्वतःच्या दस्तावर न वाचता सही ठोकली. त्या दिवशी पेढे वाटायची घाई होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.
मुलगा पुण्याहून फोनवर: वकील करू का. वकिलाला काय दाखवू, पेढे?

१३ जाने., मंगळ.
नीलेशने जुनं रजिस्टर आणून दिलं. म्हणाला, काका, हे तर तुमच्याच काळात ठरलं आहे.
अक्षर माझं. नऊ वर्षांपूर्वीचं. अध्यक्ष मीच होतो. "वाहनतळाची जागा कोणाच्याही मालकीची नाही. ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांची जागा संस्थेकडे जमा होईल." आणि त्याखाली, त्याच शाईत: "जागा क्र. ३ रिकामी झाल्याने फ्लॅट २०१ यांस देण्यात येते." २०१ म्हणजे मी.
रिकामी झाली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या निर्मलाताईंची होती. त्यांचे मिस्टर गेले, चार महिन्यांत गाडी विकली, आणि मी ठराव लिहिला. त्या मीटिंगला ताई नव्हत्या. सही नाही त्यांची. मला बिल्डरने दिलेली जागा मागच्या भिंतीचीच होती. परवा मीटिंगमध्ये बोललो का हे? नाही. निम्मे लोक नवे, कोणाला आठवणार.
मला आठवत होतं. विसरलो असं लिहिलं तर या वहीतही खोटं होईल.

१४ जाने.
संक्रांत. नि.ताईंनी तिळाच्या वड्या पाठवल्या. दरवर्षी पाठवतात. कुं.ने दोन खाल्ल्या. मी नाही.

१ फेब्रु., रविवार
चिठ्ठी झाली. स्टीलचा डबा, अकरा घड्या. तीन नंबर: फ्लॅट ३०२, निर्मलाताई. गेल्या वर्षी त्या गाडी शिकल्या, या वयात. मोताळ्याला शाळेत शिकवायला स्वतः चालवत जातात. माझी चिठ्ठी निघालीच नाही. भिंत.
कोणीतरी म्हणालं, देवानं न्याय केला. सहज म्हणालं असेल. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

४ फेब्रु., बुध.
भिंतीकडून पहिली फेरी. कुं. तीनदा थांबली. पायरीशी वॉकर अडकला, घाम फुटला तिला एवढ्या गारठ्यात. लिफ्टमध्ये म्हणाली, "पुढच्या वेळी नको."
चिडलो तिच्यावर. तिच्यावर काऊन चिडायचं?

८ फेब्रु., रविवार
दोन वेळा व्यायाम बुडाला. नीलेशला तीन नंबरचं विचारलं. तो म्हणाला अदलाबदल चालते, दोघांची संमती पाहिजे आणि रजिस्टरला नोंद. पोरगा वाईट नाही, उगाच राग धरला.
कुं.ला रात्रीच्या जेवणात सगळं सांगितलं. ठरावासकट. म्हणाली, "तुमी जा ताईंकडे. तुमाले जमत नसन तर मी जाईन वर, वॉकर घेऊन."

१० फेब्रु., मंगळ.
गेलो. चहा झाला. मी तोंड उघडायच्या आत ताईच बोलल्या, "घ्या ना भाऊ ती जागा. वैनीले त्रास काऊन? मी लावीन मागं."
उठलो तर म्हणाल्या, "फक्त रजिस्टरात एक ओळ लिहा. तीन नंबर आमची होती म्हणून."
म्हटलं, तुमच्या वहिवाटीत होती असं लिहितो.
"वहिवाट नको. आमची होती. यांनी पह्यल्या दिवशी तिथं नारळ फोडला होता."
समजावलं, ताई, कायद्यानं ती जागा कोणाचीच नसते, तुमची असं लिहिता येत नाही.
"मग मीटिंगमंधी तुमी माझी माझी कसे म्हणत होते?"
रागानं नाही म्हणाल्या. कप उचलता उचलता. जिना उतरून आलो, लिफ्ट समोर असून.

१२ फेब्रु., गुरु.
सकाळपासून रजिस्टर पुढ्यात. ताईंची लिहिली तर माझा ठराव खोटा ठरतो, आणि मग ती माझ्याकडे कशी आली हे अकरा घरं वाचणार. वापरात होती लिहिलं तर कायद्याला धरून, शब्दाला शब्द बरोबर. पण ताई सही करणार नाहीत. आणि मी त्यांना काय तोंडानं सांगू की बाई, बरोबर हेच आहे.
व्यायामाची वेळ चारची. कुं. साडेतीनपासून चपला घालून दाराशी बसली आहे. आज आपणहून तयार झाली. केस विंचरून.
लिहायला घेतलं. "जागा क्र. ३ ही पूर्वी फ्लॅट ३०२ यांच" इथपर्यंत आलो. आता नुसती वेलांटी दिली की त्यांची. य जोडून काना दिला की त्यांच्या वापरात.
कुं. विचारते आहे, निघायचं का.