मंजुषाच्या नावाची वही

साखरा, ता. सेनगाव
बुधवार, १२ फेब्रुवारी २००३

माझी लाडाची करुणा,
तुला तुझ्या आजीचा जय भीम अन् डोक्यावरून हात.

इकडं सगळं बराबर हाय. म्हशीला रेडी झाली, कपाळावर पांढरा टिळा. तुझा बाप दिवसभर तिच्याच मागं. हरभरा काढून राहिलो. तुझं पत्र मी एकटीनं वाचलं, कुणाच्या हाती दिलं न्हाई. दोन दिवस लागले, पण वाचलं. नात मास्तरीण होऊन राहिली अन् आजी पत्र वाचून राहिली, मला तर गावभर सांगू वाटतं. भिकाबाईला सांगितलं बी. ती म्हणे, "मग आता आमचं लाइटबिल बी तूच वाच."

वही घरी राहिली का, असं तू इचारलं. हाय. संक्रांतीला तू खाटेवर इसरली, तवापासून माझ्या पेटीत हाय. सोमवारी तुला ती कॉलेजात द्यायची, हे बी ठाऊक हाय. तरी कळवलं न्हाई. काहून, ते सांगते.

एका लेकराकडं सहा महिने बघायचं अन् ते कसं शिकतं ते लिवायचं, असं तू म्हणली व्हती. तू शेजारच्या दगडोबाची मंजुषा घेतली. मला वाटलं, बघू तरी आपली नात काय लिवती. पण तुझं अक्षर मुंगीवानी, दोन ओळींतच डोळ्याला पाणी आलं. मंजुषा अंगणात बोरं खात बसली व्हती. तिला म्हणलं, "बाई, येवढं वाचून दाखव." वहीत तिच्याबद्दलच हाय हे ठाऊक असून दिली. मला वाटलं, तू कौतुकच लिवलं असशील.

तिनं धडाधडा वाचलं. कुटं अडली न्हाई. मी हरखून तिच्या तोंडाकडं बघत बसले, शब्दांकडं ध्यानच न्हाई. मग ती एका जागी थांबली अन् तीच ओळ पुन्यांदा हळू वाचली. "मंजुषाला वाचता येत नाही. बुद्धी मंद वाटते."

करुणा, ते तिनंच वाचलं.

मी म्हणलं, "अगं, मग ताईसमोर काहून वाचलं न्हाईस?" तर म्हणे, "मी तोंड उघडलं की ताई लिवायला लागते. मग मला वाटते, चुकलंच." वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. "आजी, हे ताईच्या सरला दाखवणार का?" त्या दिसापासून पोरगी आपल्या अंगणात आली न्हाई.

तुला बोल लावत न्हाई. वही तिच्या हाती मीच दिली. पण साक्षरतेच्या वर्गाच्या टायमाला तू शाळकरी पोर, अन् मला चार महिने 'क' जमला न्हाई. तवा तू कुटं काय लिवलं न्हाईस. रोज नुसती माझा हात धरून बसायचीस.

उद्या संतराम हिंगोलीला येऊन राहिला, त्याच्या हाती हे पत्र देते. वही देत न्हाई. रागावली तर रागाव. पान फाडलं न्हाई, खोडलं न्हाई, तेवढी अक्कल मला हाय. रविवारी सकाळच्या गाडीनं ये. आधी रिकाम्या हातानं दगडोबाच्या घरी जा, पोरीजवळ बस. मग पुढच्या पानावर काय लिवायचं ते तू ठरव. तुझ्या कॉलेजातलं मला कळत न्हाई.

तिच्या दारापर्यंत दोनदा जाऊन माघारी आलेली,
तुझी आजी
मालनबाई