वर न्यायचं की खाली

ती. आईस,

लांबूनच पाया पडते.

काल वॉर्डात एका बाळाच्या औषधाचं गणित २.६८ मिली आलं. मी बिनधास्त २.७ लिहिलं. शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "लहान मुलांचं वर नाही न्यायचं गं, खालीच आणायचं. २.६ लिही."

मी विचारात पडले. तू तर झबलं बेतताना कापड बोटभर जास्तच धरतेस! असं उलटं का? मग उमगलं. जास्तीचं कापड नंतर कापता येतं, पोटात गेलेलं औषध परत काढता येत नाही.

दादाच्या छकुलीचा ताप उतरला का? औषध बाटलीच्या मापानेच द्या, घरच्या चमच्याने नको.

माझं वजन विचारलं होतंस. पंचेचाळीस किलो. तेवढा आकडा मात्र मी वर नेलाय.

तुझी,
धाकटी