गेट नसलेला किल्ला

उदगीर,
७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप अक्का,

सिद्धूचा शरणार्थ. मी इथं मजेत आहे. तूही ठणठणीत असणार, कारण परवा फोनवर तू स्वप्नालीला झापलंस ते तिनं शब्दन् शब्द माझ्यापर्यंत पोचवलं. "बाप फोन उचलत नसंल तर सांग त्याला, दिवाळीला गाडी घिऊन येते, घराला कुलूप लावते आन् त्याला नांदेडला आणते. एकट्यानं ऱ्हायची हौस पुरे झाली." हेच म्हणालीस ना? माझी लेक लातूरला राहत असली तरी नक्कल तुझी हुबेहूब करते.

गाडी जरूर आण, कुलूप आणू नकोस. मी हे घर सोडणार नाही. नांदेडला तुझ्या हाताखाली राहायचं म्हणजे दुपारी झोपलो तरी तुझी परवानगी लागेल. फोनचं म्हणशील तर हल्ली बोललेलं नीट ऐकूच जात नाही. म्हणून आपलं पत्र बरं.

आता माझा उद्योग सांगतो. मी आपला किल्ला बांधतोय. हसू नकोस. साक्षी आता डॉक्टर व्हायच्या क्लासला जाते, तिचा लहानपणीचा प्लास्टिकच्या ब्लॉकचा डबा स्वप्नालीनं आणून दिला. आजोबांना नातीची खेळणी मिळाली. जेवायचं टेबल किल्ल्याखाली गेलं, मी ओट्यापाशी उभा राहून जेवतो.

काळा दगड कुठून आणू? डब्यात लाल, पिवळे आणि निळेच जास्त. त्यामुळे आपला उदगीरचा किल्ला लग्नाच्या मांडवासारखा दिसतो. खंदकाला सगळे निळे ब्लॉक लावले, तर दस्तगीर म्हणतो, एवढं पाणी बापजन्मी बघितलं नाही. गाद्यांचं दुकान सुनेवर सोडून तो रोज संध्याकाळी येतो, माझा चहा पितो आणि माझ्याच बुरुजांना नावं ठेवतो. पण काम पक्कं आहे. गवंडी विटा लावतो तसा एकाच्या सांध्यावर दुसरा ब्लॉक बसवायचा, नाहीतर भिंत उभी फाटते. दुहेरी तटबंदी झाली, बुरूज झाले, आत उदागीर बाबांचा मठही झाला.

फोटो सोबत पाठवतोय. बघ आणि सांग, हे म्हातारचळाचं काम वाटतं का. तुझ्या नातवाच्या लग्नाला मी आलो नाही म्हणून तू रुसलीस हे मला कळतं. पण रुसवा काढायला माणसाला गाडीत घालून न्यायचं नसतं.

गुडघ्यांना तेल लाव.

तुझा, जागचा न हलणारा,
सिद्धू

•

उदगीर,
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप अक्का,

तुझं कार्ड मिळालं. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. "फोटो बघितला. गेट कुठंय? आन् पत्राचं अक्षर कुणाचंय?" बास. तू पोलीस खात्यात जायला हवी होतीस, उगीच मास्तरीण झालीस.

आधी गेटचं सांगतो, ते सोपं आहे.

गेट मी विसरलो. सरळ विसरलो. एवढा किल्ला बांधला, तटावर तोफ ठेवली, मठाला पायऱ्या केल्या आणि माणसानं आत कुठून जायचं ते केलंच नाही. बरं, दस्तगीर रोज समोर बसतो, चहा पितो, त्याच्याही ध्यानात आलं नाही. तुझं कार्ड वाचल्यावर आम्ही दोघं टेबलाभोवती फिरलो. मग तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "सिद्धू, आपुन गेटानं कवा गेलो रे?"

अक्का, तो म्हणतो ते खरं आहे. गेटावर कोणीतरी ओळखीचं भेटायचं आणि आईला चुगली व्हायची. आपण मागच्या अंगानं जायचो, खंदक मातीनं बुजला होता तिथून, पडक्या भिंतीवरून, सीताफळं आणायला. फोटोत पाठीमागं भिंत पडलेली दिसते ना, ती माझ्या हातून चुकलेली नाही, मुद्दाम ठेवली आहे. तू पुढं, मधे मी, मागं दस्तगीर. तू वर चढून बसायचीस आणि माझा हात धरून मला ओढून घ्यायचीस. एकदा एवढ्या जोरानं ओढलंस की खांदा आठवडाभर दुखला.

तोच हात, अक्का. उजवा.

अक्षर जेबाचं होतं, दस्तगीरच्या सुनेचं. मी सांगितलं, तिनं लिहिलं. कारण मे महिन्यापासून माझा उजवा हात माझं ऐकत नव्हता. तुझ्या घरी हळद चालू होती, त्या सकाळी मी दाढी करत होतो आणि वस्तरा हातातून गळून पडला. वाकून उचलायला गेलो तर मीही पडलो. दस्तगीरनं मला लातूरला दवाखान्यात नेलं. स्वप्नाली हळदीतून उठून तडक निघाली म्हणून तू तिच्यावर चिडलीस. तिला मीच शपथ घातली होती, खुणेनं. लग्नघरात रडारड नको होती मला.

फोनचंही खोटंच सांगितलं. मला ऐकू चांगलं येतं. माझं बोलणं दुसऱ्याला कळत नव्हतं, जीभ अडखळायची. कळायचं ते दस्तगीरला आणि जेबाला. तुझा फोन वाजायचा आणि मी त्याच्याकडं बघत बसायचो. लाज वाटायची, पण त्याहून जास्त भीती वाटायची. एक शब्द ऐकला असतास तर त्याच दिवशी गाडी घेऊन आली असतीस आणि मी तुझ्या घरात पाहुण्यासारखा पडून राहिलो असतो.

देवणीला जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली तेव्हा याच हातानं अडलेल्या गाईंची वासरं सोडवली. त्या हाताला शर्टाचं बटण लागेना. मी रडलो. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतोय.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुरीचे दाणे एकेक उचलून वाटीत टाका. मला राग आला. उचललेले दाणे परत सांडायचे आणि परत उचलायचे, यात बघण्यासारखं काय उरतं? दुसऱ्या दिवशी स्वप्नाली ब्लॉकचा डबा घेऊन आली. सुरुवातीला एक ब्लॉक दुसऱ्यावर दाबायला दोन्ही हात लागायचे. मग अंगठ्यात जोर आला. फोटोत खालचा तट वाकडातिकडा आहे आणि बुरूज वर जाईल तसा सरळ होतो, ते बघ. माझा हात कसा सुधारला ते डॉक्टरच्या कागदापेक्षा तिथं जास्त कळतं.

आता बटणं मीच लावतो. भात मी शिजवतो, भाकरी जेबाकडून येते. एक किल्ली दस्तगीरकडं असते, दर रविवारी स्वप्नाली येते. बोलणं जवळपास पहिल्यासारखं झालंय. पत्र मिळालं की फोन कर, उचलतो. थोडा वेळ लागला तर मधेच "हॅलो हॅलो" करू नकोस.

तुझं म्हणणं चूक नाही. माझ्या जागी तू असतीस तर मीही कुलूप घेऊन आलो असतो. पण मला इथं राहायचंय, अक्का. दिवाळीला ये, चार दिवस राहा. मी कसा उठतो, काय खातो, कुठं धडपडतो, सगळं बघ. त्यानंतर कुलुपाचं बोलू. मी भांडायला तयार आहे, आता जीभ साथ देते.

दस्तगीर समोरचा तट फोडून गेट करायला निघाला होता. मी हात लावू दिला नाही. लाल ब्लॉक वेगळे काढून ठेवलेत. गेट तू बसव, तुलाच त्याची पडली आहे. पडकी भिंत मात्र तशीच राहील.

आणि हे अक्षर कुणाचं, ते विचारू नकोस. ओळी खाली घसरल्यात, 'क्ष' तर भलतंच दिसतंय. पण माझंच आहे, पहिल्या ओळीपासून. हे पत्र पुरं व्हायला बरेच दिवस लागले.

आपल्या दारच्या पायऱ्या उंच आहेत आणि तुझे गुडघे दुखतात. तू येशील तेव्हा मी वरच्या पायरीवर उभा असेन. खालून हात दे. मी उजवा देणार आहे.

सिद्धू