पाहून घेईन

९ ऑगस्ट, शनिवार. राखी.

आज माह्याच घरात माहा जाहीर अपमान झाला. करणारा साळा, राजदीप. नंदाच्या हातून राखी बांधून घ्यायले आलता. तिले साडी आणली अन् मले गॉगल. कारखान्यातला, धुरकट काचेचा, मागून लाल पट्टा. शेजारीपाजारी चहा पीत बसले होते, त्यांच्यासमोर माह्या हातात ठेवला अन् म्हणाला, "भाऊजी, माह्या ताईले आंधयाची काठी करू नका."

सगळे हासले. नंदाबी हासली.

जावयाले असं बोलते काय कोणी? टॉवेल-टोपी नाही, काही नाही, डायरेक्ट आंधळा. मनात म्हटलं, राजदीप, तुले पाहून घेईन.

१० ऑगस्ट, सकाळी ७

डोकं शांत आहे. मुद्दे लिहून ठेवतो.

राजदीप पाच वर्षं लोहाऱ्याच्या एमआयडीसीत होता. तिथं सेफ्टी शिकला. काम किती शिकला ते देवालेच ठाऊक. मागच्या साली घाटंजी रोडवर माह्या गॅरेजच्या बरोब्बर समोर त्यानं गॅरेज टाकलं. बोर्ड लावला, 'चष्म्याशिवाय आत येऊ नये'. लोक ट्रॅक्टर दुरुस्तीले आणतात अन् चष्मा घालून फोटो काढत बसतात. माहे चार जुने गिऱ्हाईक त्या फोटोपायी गेले.

मी एकतीस वर्षं छन्नी-हातोडा चालवून राह्यलो. डोळ्यात कधी काही गेलं नाही. गेलं ते निघालं. पापणी म्हणजे देवानं बसवलेलं शटर आहे. वरून माही स्वतःची सिस्टीम आहे. ठोकताना डावा डोळा मिटून घेतो, उजवा उघडा. उजवा मास्टर आहे. म्हणजे रिस्क सरळ फिफ्टी पर्सेंट. हे कोणत्याच एमआयडीसीत शिकवत नाहीत.

संकल्प: पोळ्याच्या आत राजदीपची इज्जत काढायची.

१२ ऑगस्ट

बदला सुरू. त्याच्या बोर्डासमोर माहा बोर्ड. लिहायचं होतं, 'डोळे झाकून भरोसा ठेवा, काम करून मिळेल'. फळी लहान पडली. मधले दोन शब्द गाळले. अर्थ तोच राहते.

१३ ऑगस्ट

सकाळी विठ्ठलराव ट्रॉली घेऊन आला. बोर्ड दोनदा वाचला. 'डोळे झाकून काम करून मिळेल'. मले इचारलं, खरंच झाकून करता काय? मी म्हटलं, एकच झाकतो. त्यानं ट्रॉली वळवली अन् समोर नेली.

बोर्ड काढला. पावसानं रंग उतरत होता, म्हणून.

१५ ऑगस्ट

सुचलं! झडती. पोळ्याले तोरणाखाली बैलं उभे करून ज्याले ज्याचं उणंदुणं काढायचं तो झडती म्हणते, अन् ज्याच्यावर म्हटली त्याले रागावता येत नाही. हासावंच लागते. एकदा चिकटली की वर्षभर पोट्टे म्हणत फिरतात. राजदीप गाव सोडून जाईल.

गॅस्केटच्या डब्याच्या पुठ्ठ्यावर लिहून काढली:

चाकावर चाक, चाकाले आरा,
साळ्याच्या डोयाले काचेचा पहारा.
काचेमागं लपला भित्रा ससा,
बोल्ट कसला नाही, अन् मेकॅनिक कसा?

पहिल्या दोन ओळी मुद्दाम गोड ठेवल्या. माणूस गाफील राहते. तिसऱ्या ओळीपासून वार. पुढं अजून आठ ओळी आहेत, त्या इथं लिहत नाही, लय जहाल आहेत. अन् त्यानं देल्लेला गॉगल आपल्या सोन्या बैलाच्या शिंगाले बांधून नेतो.

पाठ कायले करायची? डोळे शाबूत आहेत. वाचून म्हणीन.

१८ ऑगस्ट, दुपारी ४

एका ट्रॉलीची पिन जाम झालती. छन्नी लावून ठोकली. टिंग असा आवाज आला अन् उजव्या डोळ्यात मुंगी चावल्यावानी झालं. बस. रक्त नाही, काही नाही. सिस्टीमनं काम केलं, डाव्याले काहीच झालं नाही.

जुन्या स्पीकरचं चुंबक डोळ्यासमोर दहा मिनिटं धरलं. लोखंड असतं तर आलं असतं. नाही आलं, म्हणजे नाही आहे.

समोरून राजदीप पाहून राह्यला होता. मी चुंबक गालावर फिरवलं, दाढ दुखते असं दाखवलं.

१९ ऑगस्ट

डोळा लाल. नंदानं इचारलं. मी सांगतलं, डोळे आले. सध्या साथ आहे. ती म्हणाली, एकच कसा आला? मी म्हटलं, दुसरा येऊन राह्यला. तिनं बटाट्याची चकती ठेवून देल्ली. थंड वाटलं. दवाखान्यात जा म्हणत होती. पोळा तीन दिवसांवर, अन् दवाखान्यात गेलं की राजदीपले कळणार. त्याले हे सुख देत नाही मी.

२१ ऑगस्ट. खांदशेकणी.

सोन्याच्या खांद्याले तूप-हळद लावली. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, म्हणालो. सोन्या माह्याकडं पाहून राह्यला. मले दोन सोन्या दिसले.

दुखणं आहे, पण सहन होते. रागानं ताकद येते माणसाले. आठवी ओळ अजून जहाल केली.

२२ ऑगस्ट, पोळा. संध्याकाळी.

जे झालं ते लिहतो.

सकाळी डोळा उघडेना. पिवळं पाणी. लोकांनी इचारलं असतं. घरात काळा चष्मा नाही, म्हणून सोन्याच्या शिंगासाठी ठेवलेला गॉगल मीच चढवला. तात्पुरती व्यवस्था.

तोरणाखाली पोचलो तर पहिले विठ्ठलरावच म्हणाला, सुधरला गडी. मी लक्ष देल्लं नाही. राजदीप समोरच उभा होता. पुठ्ठा काढला. खड्या आवाजात दोन ओळी म्हटल्या. चाकावर चाक, चाकाले आरा. साळ्याच्या डोयाले काचेचा पहारा.

तिसरी ओळ दिसेना. पुठ्ठ्यावर नुसतं काळं पाणी. उजवा वाहत होता, त्याच्या जोडीनं डावाबी वाहू लागला. काचेखालून धार लागली. आठवून पाह्यलं, ससा आठवला, पण ससा कुठं लपला ते आठवेना. मी पुठ्ठा धरून तसाच उभा.

मंग मागून कोणी तरी म्हणालं, भाऊजीले भरून आलं. अन् सगळे ओरडले, हर बोला हर हर महादेव.

राजदीप येऊन पाया पडला. तोबी रडून राह्यला होता. म्हणाला, "भाऊजी, मले वाटलं तुमाले गॉगलचा राग आला."

नंदानं पदर डोळ्याले लावला. बायकांनी मले ओवाळलं. चौदा दिवसांचा बदला, अन् गावानं त्याचं औक्षण केलं!

मी त्याले सांगणारच होतो की बाबू, हे रडणं नाही, तुह्या बापाची... तेवढ्यात डोळे पुसाले त्यानं माहा गॉगल वर केला. त्याचं तोंड पांढरं पडलं. नंदाले म्हणाला, "ताई, बस गाडीत."

२३ ऑगस्ट, यवतमाळ, दवाखाना

हे डाव्या डोळ्यानं लिहून राह्यलो. ओळी तिरप्या जातात.

डॉक्टर म्हणाले, लोखंडाचा कण आत घुसला आहे, पू झाला आहे. त्याच दिवशी आले असते तर डोळा वाचायचा चान्स होता. चुंबक लावलं काय, असंही इचारलं. मी नाही म्हटलं. राजदीप खिडकीबाहेर पाहत राह्यला. त्यानं सांगतलं नाही.

दुपारी ऑपरेशन. नंदा स्ट्रेचरच्या बाजूनं चालून राह्यली होती. रागावली नाही. फक्त म्हणाली, "आठ दिवस डोये आले, डोये आले करत होते. आता एक गेला."

आठ नाही, चार दिवस झाले. पण मी दुरुस्ती केली नाही.

२ ऑक्टोबर. दसरा.

गॅरेज दीड महिन्यानं उघडलं. हत्यारांची पूजा केली. नंदानं पान्ह्यांच्या रांगेत गॉगलबी मांडला, त्याले हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, हे हत्यार नाही. तिनं वरून झेंडूचं फूल ठेवलं.

मुहूर्त म्हणून छन्नी घेतली. हातोडा उचलला. सवयीनं डावा डोळा मिटला, अन् एकदम अंधार. लाइट गेली वाटलं. नंदाले हाक मारली, लाइट गेली काय? ती म्हणाली, नाही, दिवसाढवळ्या कायची लाइट?

हातोडा खाली ठेवला. गॉगल उचलून घातला. एकतीस वर्षांची सिस्टीम बंद.

मनात म्हटलं, हे सगळं त्या राजदीपपायी. तो गॉगल देत नाही तर मले राग येत नाही, अन् राग येत नाही तर मी त्याच दिवशी दवाखान्यात जातो. सोडत नाही त्याले. पाहून घेईन. कदाचित मोठ्यानंच बोललो.

नंदा म्हणाली, "अवो, हळू बोला. तो केव्हाचा उभा हाय तुमच्या उजव्या हाताले, सोनं घेऊन."

मान पुरी फिरवली, तव्हा दिसला.