चौदा नंबरचा डबा

स्प्रूस बेंड, कोलोरॅडो
मंगळवार, १० फेब्रुवारी

तीर्थस्वरूप गुरुनाथदादा यांना,

चारुदत्तचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचं बीपी कसं आहे? तुमच्या डब्लिनला थंडी जरा कमी झाली असेल अशी आशा आहे. (तुमच्या ओहायोतल्या थंडीला मी यापुढे थंडी म्हणणार नाही.) फोनच केला असता, पण तुम्ही कानात मशीन घालत नाही आणि मी घसा फोडून काहीही सांगितलं तरी ‘हो हो, आम्ही मजेत’ एवढंच म्हणता. आज जे सांगायचंय त्याला हो हो म्हणून चालणार नाही, म्हणून कागद घेतला. विषय तुमच्या बहिणीचा, कांचनचा आहे. शेवटपर्यंत वाचा, मध्येच चष्मा काढून वहिनींना हाका मारू नका.

पिस्कॅटवेचं घर विकून डोंगरात राहायला जायचं ही कल्पना माझी. कांचनला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून आधीच सांगतो. आमच्या कुंपणापलीकडची शैलजा तुम्हाला आठवत असेल, नागपूरची, मोठ्याने हसणारी. अठरा वर्षं तिचा आणि कांचनचा डबा कुंपणावरून ये-जा करत होता. त्यात कधी भरली वांगी असायची, कधी नुसत्या चार हिरव्या मिरच्या, पण डबा रिकामा असा कधी परत गेला नाही. दोन वर्षांपूर्वी शैलजा गेली तेव्हा तिचा डबा आमच्या ओट्यावर धुऊन पालथा घातलेला होता. त्यानंतर कांचन स्वयंपाक करायची, पण दोघांपुरता मोजून. बोलायचीही तसंच मोजून. दिवसभर खिडकीशी बसून नव्या शेजाऱ्यांनी घातलेलं सहा फुटी कुंपण बघत राहायची. मला ते बघवेना, दादा.

आता डोंगरच का, तर आमच्या चिरंजीवांमुळे. निमिष डेन्व्हरला असतो. आईबापाला भेटायला वर्षातून एकदा येतो आणि स्की करायला दर शनिवारी जातो. मी म्हटलं, हा आपल्याकडे येत नाही, बर्फाकडे जातो, तर आपणच बर्फाशेजारी जाऊन बसावं. (मी स्वतः स्कीवर एकदाच उभा राहिलोय. ‘उभा’ हा शब्द फार उदार मनाने वापरलाय.) तीस वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून पोट भरलेला माणूस मी, लगेच एक्सेल उघडलं. सात गावं, एकवीस रकाने. समुद्रसपाटीपासून उंची, वर्षाचा बर्फ, हार्टचा डॉक्टर किती मैलांवर, कोथिंबीर किती मैलांवर. व्हरमाँटमधलं गाव डॉक्टरापायी बाद झालं. युटातल्या गावात हवा इतकी विरळ की नऊ शिट्ट्या होऊनही राजमा आमच्याकडे टक्क बघत होता. आयडाहोत ऐंशी वर्षांच्या बायका टेकडी चढताना मला मागे टाकून गेल्या आणि जाताना पाठीवर थोपटून गेल्या. कांचनने माझ्या एक्सेलमध्ये एकच रकाना वाढवला, ‘शेजारी’. सहा गावं झाली तरी तिने तो कोराच ठेवला.

सातवं हे स्प्रूस बेंड. रविवारी, म्हणजे एक तारखेला, इथे आठवड्याचं घर भाड्याने घेतलं. गाव सुंदर आहे. जरा जास्तच सुंदर आहे. एक रस्ता, दोन्ही बाजूंना रंगीत लाकडी घरं, वर डोंगर, आणि आवाज म्हणून काही नाही. स्कीची पाळण्यांची लाइन समोर फिरताना दिसते, पण त्यात बसलेलं कोणी मला अजून दिसलेलं नाही. (चष्म्याचा नंबर वाढला असेल असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.) सोमवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर निळा पत्र्याचा डबा. आत केळ्याचा ब्रेड, अजून कोमट. डब्याच्या बुडाला चिकटवलेला कागद, त्यावर १४. आमच्या बरोब्बर समोरचं घर चौदा नंबरचं, पिवळं, हिरव्या दाराचं. कांचनचा चेहरा असा उजळला की मी त्या क्षणी गाव पसंत करून टाकलं. तिने डबा घासला, पुसला, बॅगेतले रव्याचे लाडू भरले (सात दिवसांसाठी आम्ही सात किलो खाणं आणलं होतं) आणि समोरच्या पायरीवर ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी डबा परत आमच्या पायरीवर. आत दालचिनीचे रोल. कांचनने चिवडा दिला. बुधवारी डब्यात चिवडाच आला. आपला नव्हे, वेगळा, पातळ पोह्यांचा, खोबऱ्याचे काप घातलेला. कोथिंबिरीच्या रकान्यानुसार इथून इंडियन स्टोअर एकशे बारा मैलांवर आहे. मी तो चिवडा चष्मा लावून निरखला. कांचन मात्र गुणगुणत डबा घासत होती, तिला दोन वर्षांत मी गुणगुणताना ऐकलं नव्हतं, मग मी काय बोलणार? गुरुवारी संकष्टी. डब्यात साबुदाण्याची खिचडी, आणि वर चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली, ९:५३. चंद्रोदय. आकडे मराठीत. फोन नऊ चाळीस म्हणत होता, पण चंद्र मधल्या डोंगरामुळे नऊ त्रेपन्नलाच दिसला. खिचडीत दाण्याचं कूट सढळ आणि साखर किंचित जास्त, कुंपणावरून तशी कोणाच्या हातची यायची ते तुम्हाला ठाऊक आहे. मी नाव घेतलं नाही. कांचननेही घेतलं नाही, पण तिने दोनदा वाढून घेतली.

त्याच दिवशी मी एक चूक केली, रस्ता नीट पाहिला. बर्फात कांचनच्या बुटांचे ठसे समोर गेलेले, परत आलेले. त्याखेरीज आमच्या पायरीपाशी एकही पाऊल नाही. चार दिवस डबा कोण आणत होतं? मी घरभाड्याच्या एजंटबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, चौदा नंबर अकरा वर्षं बंद आहे. मग डबा? तो येतोच, म्हणाल्या, इथे उतरणाऱ्या प्रत्येकाला येतो. लोक ब्रेड खातात आणि डबा ओट्यावर टाकून निघून जातात. दादा, मग त्या बाईंनी मला फार सावकाश विचारलं, “तुम्ही तो परत केलात?” आजवर कोणी केला नव्हता.

शनिवारचं आमचं परतीचं विमान. मी शुक्रवारी बॅगा काढल्या, तर कांचन म्हणाली, डबा आपल्याकडे आहे, भरून दिल्याशिवाय निघता येत नाही. आणि भरून दिला की सकाळी तो पुन्हा आमच्याकडे येणार. तुमच्या आईने लावलेलं वळण, मी कशाला बोलू. तिने शंकरपाळी केली, डबा गच्च भरला, आणि मी म्हटलं, आज मी ठेवून येतो. रस्त्याच्या मध्यावर मी सगळी शंकरपाळी कोटाच्या खिशांत ओतली आणि डबा रिकामा ठेवला. मला वाटलं, अपमान होईल आणि प्रकरण मिटेल. तीस वर्षं नोकरीतही मी असंच करायचो, जे थांबत नाही ते बंद पाडायचं.

शनिवारी डबा आला नाही. कांचन दहा वाजेपर्यंत खिडकीशी उभी होती, थेट पिस्कॅटवेसारखी. मग गाडीची किल्ली शोधायला तिने माझ्या कोटात हात घातला. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “रिकामा दिलात?” आणि कोट चढवून माफी मागायला समोर गेली. मी खिडकीतून बघत होतो. हिरवं दार उघडलं, ती आत गेली, दार लागलं. पावलं जाताना उमटली आहेत. परत येतानाची अजून नाहीत.

मी दार बडवलं. एजंटबाईंनी किल्ली आणली. आत सगळं सामान पांढऱ्या चादरींखाली, शेगडी थंडगार, जमिनीवर बोटभर धूळ, आणि दाराशी कांचनचे बूट, शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेले. मी सगळ्या खोल्या हाका मारत फिरलो, धुळीत माझ्याच पायांचे ठसे उठले. पोलिसांनी लिहून घेतलं की सज्ञान बाई स्वखुशीने बाहेर गेली आहे. पण मी आमच्या खिडकीशी परत येऊन बसलो की समोरच्या स्वयंपाकघरात ती दिसते. खांद्याला नॅपकिन, बाजूला वळून कोणाशी तरी बोलत असते, हसते. मला हात करते. बरी दिसते, दादा. दोन वर्षांत इतकी बरी दिसली नव्हती, हे मला फार लागतं आणि बरंही वाटतं.

रविवारी डबा आला. आत थालीपीठ, मध्ये भोकं पाच, त्यातलं एक कडेला सरकलेलं, म्हणजे तिचंच. आज तीन दिवस डबा माझ्याकडे आहे. तर विनंती अशी की वहिनींना विचारून बेसनाच्या लाडवांची कृती सविस्तर कळवावी. बेसन किती वेळ भाजायचं, आणि इतक्या उंचीवर जास्त भाजावं लागतं का, हे मुद्दाम विचारा. मला चहापलीकडे काही येत नाही, हे तुमची बहीण तुम्हाला चाळीस वर्षं सांगत आली आहे.

तुमचा,
चारुदत्त

ता. क. उत्तर नाही आलं तरी चालेल. मघाशी बेसन भाजून पाहिलं, कढईसकट गेलं. पत्र डेन्व्हरमार्गे तुम्हाला पोचायला पाच दिवस लागणार आणि तेवढे दिवस तिला ताटकळत ठेवणं बरं नाही. डब्यात घालायला मला काहीच जमलं नाही, म्हणून डबा घेऊन मीच जातो. पत्र पोस्टात टाकलं की तसाच समोर जाईन.

आणखी एक ता. क. खरं काम हे आहे. आमचा फोन लागला नाही की निमिष गाडी काढून इथे येईल, चार तासांचा तर रस्ता. इतकी वर्षं तो यावा म्हणून मी धडपडलो, आता तो येईल तेव्हा सोमवार सकाळसारखाच त्याच्याही पायरीवर केळ्याचा ब्रेड असेल. तो इथे जन्मला, इंग्रजीत उत्तरं देतो, पण कांचनने एक वळण त्याला पक्कं लावलंय, कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. तेवढं वळण तुम्ही त्याच्याकडून सोडवून घ्या. मामाचं तो ऐकतो. ब्रेड खा म्हणावं, डबा ओट्यावर टाक आणि मागे न बघता घरी जा. उद्धटपणा वाटेल त्याला, वाटू दे. बाबांनी सांगितलंय म्हणावं.